बडोद्याचा रिमोट-तक्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि कारेलीबाग इथले आम्ही काही जण मिळून हा तक्ता सांभाळतो. सुरुवात एका दोनशेपानी वहीपासून झाली. आता तो कॉम्प्युटरवर आहे, पण वहीही अजून टाकलेली नाही. लोक भेटले की तेच ते प्रश्न विचारतात, कधी सेव-उसळीच्या गाडीवरसुद्धा. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

हा तक्ता नेमका कशाचा?

एकाच रिमोटवर टीव्ही, सेटटॉप बॉक्स, म्युझिक सिस्टिम असं सगळं चालवता येतं, अशा प्रोग्रॅम होणाऱ्या युनिव्हर्सल रिमोटचा. एका मॉडेलला एक ओळ. किती उपकरणं सांभाळतो, कोड चार आकडी की पाच आकडी, दुसऱ्या रिमोटकडून बटणं शिकतो का, सेल काढले तर शिकलेलं विसरतो का, कोणती बटणं मुळातच नाहीत, हे सगळं त्या ओळीत असतं. ‘कोणता घेऊ?’ याचं उत्तर तक्त्यात मिळणार नाही. ते विचारायला आमच्याकडे चहाला या.

रिमोटबरोबर पुस्तिका येतेच की. मग वेगळा तक्ता कशाला?

पुस्तिका येते आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाते. राहिलीच तर त्यातली अक्षरं मुंगीएवढी. शिवाय पुस्तिका फक्त कंपनीचं नाव आणि कोड सांगते. त्या कोडवर आवाज कमी-जास्त होतो पण ‘मेन्यू’ चालत नाही, हे ती सांगत नाही. आम्हाला हवं असतं नेमकं तेच.

बडोद्यात ही गरज कधीपासून वाढली तेही सांगतो. केबल डिजिटल करण्याच्या दुसऱ्या टप्प्यात आपलं शहर होतं आणि ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यानंतर घरोघरी टीव्हीचा एक आणि डब्याचा, म्हणजे सेटटॉप बॉक्सचा, एक असे दोन रिमोट झाले. त्यातला हवा तो नेहमी सोफ्याच्या फटीत.

प्रोग्रॅम होणारे म्हणजे सगळे एकाच जातीचे का?

नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. पहिल्या जातीत कंपन्यांचे कोड आधीच भरलेले असतात. तुम्ही आकडे दाबून त्यातला एक निवडता. दुसरी जात शिकणारी. जुना रिमोट समोर धरून एकेक बटण तिला शिकवावं लागतं. तिसऱ्या जातीच्या स्मृतीत केबल लावून कॉम्प्युटरवरून नवीन माहिती घालता येते. बरेच रिमोट पहिल्या दोन जातींचं मिश्रण असतात. बाजारात मात्र तिघांनाही ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. म्हणून तक्त्यात जात हा पहिलाच रकाना आहे.

शिकणारा रिमोट ही काही कालची गोष्ट नव्हे. ॲपल सोडल्यावर तिचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक याने सीएल नाइन नावाची कंपनी काढली आणि १९८७ मध्ये ‘कोर’ हा शिकणारा रिमोट आणला. तो फार खपला नाही, पण कल्पना टिकली.

मॉडेल नंबर कुठे बघायचा?

समोर छापलेलं नाव विसरा. ते सजावटीसाठी असतं. मागचं झाकण काढा, सेल काढा आणि जिथे सेल बसतात तिथे बघा. बारीक स्टिकर असतो किंवा प्लॅस्टिकमध्येच उठवलेला नंबर असतो. झाकणाच्या आतल्या बाजूलाही बघा, पण झाकणावर पूर्ण भरवसा ठेवू नका. घरात तीन रिमोट असले की झाकणांची अदलाबदल झालेली असतेच. आमच्या तक्त्यात एक ओळ असाच उसना नंबर घेऊन दीड वर्ष नांदत होती.

तेच कवच, तीच बटणं, नंबरही तोच, पण आतली चिप वेगळी, असंही घडतं. म्हणून जमेल त्याने सेलच्या खोबणीचा फोटो पाठवावा. फोटो तिरका असला तरी चालेल, पण नंबर वाचता यायला हवा.

कोड पाठवताना काय चुकतं?

सुरुवातीची शून्यं गळतात. माणसांकडून कमी, कॉम्प्युटरकडून जास्त. स्प्रेडशीटमध्ये ०५५६ लिहिलं की ते मुकाट्याने ५५६ होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच रिमोटवर सोनीच्या टीव्हीचा कोड चार शून्यं आहे, त्याचं उरतं एकटं शून्य. मग कोणी फोन करतो, ‘काका, तुम्ही शून्य लिहिलंय, मी दाबलं, काही झालं नाही.’ कसं होणार? पाच आकडी पद्धतीत याच कोडच्या आधी १ लागून १०००० होतो. तिथे पहिला आकडा उपकरणाचा प्रकार सांगतो.

दुसरं संकट तारखांचं. ‘५-१२’ असं काही लिहिलं की कॉम्प्युटर त्याची ५ डिसेंबर करून मोकळा होतो. तिसरं हेक्सचं, म्हणजे ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं वापरून लिहिलेल्या संख्यांचं. ‘१ई५’ ही खूण त्याला एक लाख वाटते. उपाय एकच. कोडचा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवा, मग लिहा. आधी लिहून नंतर रकाना बदलला तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

आधीच घातलेला कोड कोणता आहे, हे रिमोटला विचारता येतं का?

‘वन फॉर ऑल’ या ब्रँडच्या घराण्यातल्या पुष्कळ रिमोटना विचारता येतं. सेटअपचं बटण, ज्यावर काही मॉडेलमध्ये ‘मॅजिक’ लिहिलेलं असतं, दिवा दोनदा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. मग ९-९-० आणि उपकरणाचं बटण. आता १ दाबलं की कोडचा पहिला आकडा जेवढा तेवढ्या वेळा दिवा लुकलुकतो, २ दाबलं की दुसरा आकडा, असं पुढे. शून्य असेल तर लुकलुकत नाही, तेव्हा दिवा गप्प बसला म्हणून घाबरू नका. कागद-पेन्सिल जवळ ठेवा.

आणि नुसती मजा म्हणून ९-८-१ करून बघू नका. ज्या मॉडेलवर ते चालतं तिथे रिमोट कोरा होतो. हे मी माझ्या मेहुण्याच्या रिमोटवर शिकलो, तेही मॅच चालू असताना.

एकाच बटणाच्या दोन वेगळ्या हेक्स खुणा दिसतात. कोणती खरी?

बहुतेक वेळा दोन्ही. रिमोटने संदेश पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धती असतात. त्यातल्या एनईसी पद्धतीत आधी ९ मिलिसेकंदांचा एक लांब ठोका, मग साडेचार मिलिसेकंद शांतता आणि त्यानंतर ३२ बिट (एक बिट म्हणजे एक ० किंवा १) जातात. आठ बिटांचा पत्ता, त्याचाच उलटा (० च्या जागी १ आणि १ च्या जागी ०), आठ बिटांची आज्ञा आणि तिचीही उलटी. उलटं पाठवायचं ते पडताळणीसाठी. वाटेत एखादा बिट बिघडला तर टीव्हीला कळतं आणि तो ते सोडून देतो.

गोंधळ होतो तो बिट कुठून वाचायचे यावर. एलजीच्या टीव्हीचं चालू-बंद बटण एक जण ‘पत्ता ०४, आज्ञा ०८’ असं लिहितो, दुसरा ‘२०डीएफ१०ईएफ’ असं. लहान टोकाकडून वाचलं तर ०४, मोठ्या टोकाकडून तेच २०, आणि डीएफ म्हणजे २० चा उलटा. गोष्ट एकच. आमच्या तक्त्यात पत्ता-आज्ञा हीच पद्धत ठेवली आहे, कारण ती माणसाला वाचता येते. लांब खूण आली तर आम्ही ती फोडून लिहितो आणि मूळ खूण शेऱ्यात ठेवतो.

प्रोन्टो पद्धतीचे, म्हणजे फिलिप्सच्या प्रोन्टो रिमोटसाठीच्या खुणांचे, चार-चारच्या गटांतले लांबलचक आकडे आले तर दुसऱ्या गटाकडे बघा. तिथे ‘००६डी’ असेल तर वाहक लहर, म्हणजे ठोका चालू असताना प्रकाश ज्या वेगाने लुकलुकतो ती, सुमारे ३८ किलोहर्ट्झची.

सगळीकडे ३८ किलोहर्ट्झच का येतं?

बऱ्याच रिमोटमध्ये ४५५ किलोहर्ट्झचा सिरॅमिक रेझोनेटर, म्हणजे ठरलेल्या वेगाने कंप पावणारा एक छोटा भाग, असतो. त्याला बाराने भागलं की ३७.९ मिळतात, म्हणून ३८. रेझोनेटर रेडिओच्या धंद्यामुळे स्वस्तात मिळत असे. सगळे मात्र या वाटेने जात नाहीत. फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ वर चालते, सोनीची ४० वर. मोजण्यासाठी आम्ही ‘टीएसओपी १७३८’ हा तीन पायांचा रिसीव्हर आणि आर्डुइनो हा प्रोग्रॅम होणारा छोटा सर्किट बोर्ड वापरतो. या रिसीव्हरमधून वाहक लहर गाळून निघते, त्यामुळे ठोक्यांची लांबी कळते पण ३६ की ४० हे थेट कळत नाही. ते पद्धतीवरून ओळखावं लागतं. ज्याने हा आकडा मोजलेला नाही त्याने तो लिहू नये, रकाना रिकामा ठेवावा.

‘चालतो’ कधी लिहायचं?

या प्रश्नावर आमच्यात सगळ्यात जास्त भांडणं झाली. टीव्ही चालू झाला म्हणजे कोड चालला, असं बहुतेकांना वाटतं. आम्ही पाच गोष्टी बघतो. चालू-बंद, आवाज, अंक, ‘सोर्स’ आणि बाणाची बटणं. यातलं जे पाहिलं त्यापुढे ‘पा’, जे कोणाकडून ऐकलं त्यापुढे ‘ऐ’, आणि जे पुस्तिकेतून घेतलं त्यापुढे ‘पु’. पूर्वी नुसती बरोबरची खूण असायची. तेव्हा तक्ता दिसायला भरगच्च होता आणि उपयोगाला पोकळ, कारण निम्म्या खुणा कोणी तरी कोणाकडून तरी ऐकलेल्या होत्या. खुणा वेगवेगळ्या केल्यावर बऱ्याच ओळी ‘ऐ’ निघाल्या. वाईट वाटलं, पण निदान कुठे हात घालायचा ते कळलं.

‘चालत नाही’ हीसुद्धा नोंद आहे. ती लाजून लपवू नका. एखाद्या काकूंनी पाऊण तास घालवून बावीस कोड फुकट गेल्याचं लिहून ठेवलं, तर पुढच्याचा पाऊण तास वाचतो. शक्य असेल तर कसं चालत नाही तेही लिहा. दिवाच लागत नाही, दिवा लागतो पण टीव्ही ढिम्म, की टीव्ही भलतंच काही करतो? ही तिन्ही दुखणी वेगवेगळी.

दोघांच्या नोंदी एकमेकांच्या विरुद्ध आल्या तर?

बहुमत घेत नाही. ओळ फोडून दोन करतो, ‘अ’ आणि ‘आ’, आणि दोघांना रिमोट घेऊन एका ठिकाणी बोलावतो, शक्यतो सूरसागर तलावाच्या पाळीवर, कारण तिथे दोघांपैकी कोणाचाही टीव्ही नसतो. समोरासमोर ठेवल्यावर बहुधा आतला नंबर किंवा चिप वेगळी निघते. कधी एकाचे सेल उतरलेले असतात. एकदा नुसतं हस्ताक्षर निघालं. शेजारणीने गुजराती आकड्यांत कोड लिहून दिला होता. गुजराती पाच अगदी ‘प’सारखा दिसतो. आमच्या काकूंनी तो ‘प’ म्हणजे ‘पॉवर’ समजून ते बटण दाबलं.

म्हणजे तक्त्यात आकडे कोणते वापरता?

शेरे मराठीत, कोडचे आकडे इंग्रजी. रिमोटच्या बटणांवर तेच छापलेले असतात. बघून दाबायचं असेल तर कागद आणि बटण सारखं दिसायला हवं. गुजराती शेजाऱ्यांसाठी शेऱ्यांचा गुजराती रकाना आहे, तो आमच्यातल्या एक वहिनी भरतात.

शिकवलेलं बटण एकदा चालतं, एकदा नाही. रिमोट खराब आहे का?

बहुधा नाही. आरसी-५ पद्धतीत १४ बिटांमध्ये एक बिट असा असतो जो प्रत्येक नव्या दाबाला पालटतो. त्यावरून टीव्हीला कळतं की बोट उचलून पुन्हा दाबलं की तसंच धरून ठेवलंय. साधा शिकणारा रिमोट तो बिट जसा ऐकला तसाच गोठवून टाकतो. मग ११ नंबरचं चॅनेल लावायला गेलात की टीव्हीला वाटतं, एकच १ बराच वेळ दाबलाय. अशा वेळी शिकवण्याऐवजी आत भरलेला कोड शोधणं बरं. तक्त्यात अशा ओळींपुढे ‘पालट’ असा शेरा आहे.

आवाजाचं बटण एकेकच पायरी सरकत असेल तर ते वेगळं दुखणं. शिकवताना जुन्या रिमोटचं बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं होतं की धरून ठेवलं होतं, यावर ते अवलंबून असतं. दोन्ही करून बघा. शिकवताना दोन्ही रिमोट टेबलावर नाकाला नाक लावून, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवा. खिडकीतलं ऊन आणि सीएफएलचा दिवा दोन्ही टाळा. सीएफएलच्या आतलं सर्किटही किलोहर्ट्झच्या याच पट्ट्यात लुकलुकतं आणि मध्ये बोलतं.

एसीचे रिमोट तक्त्यात का नाहीत?

टीव्हीच्या रिमोटचं ‘आवाज वाढव’ म्हणजे एवढंच, आवाज वाढव. एसीचा रिमोट तसा नाही. तुम्ही तापमान एका अंशाने कमी केलं की तो २४ अंश, कूल, पंखा मध्यम, झडप हलती अशी सगळीच हकीकत पुन्हा पाठवतो. काही कंपन्यांत तो संदेश शंभराहून जास्त बिटांचा असतो. शिकणाऱ्या रिमोटला एक बटण शिकवलं की तो त्या क्षणाचा फोटो काढून ठेवतो, आणि पुढे कधीही दाबा, तोच फोटो पाठवतो. मे महिन्यात बडोद्याच्या उन्हात ‘२४, कूल’ आणि ‘बंद’ अशी दोन बटणं शिकवून काम भागतं, म्हणून तसा शेरा काही ओळींत आहे. पण ओळीला ओळ जुळवायची तर एसीचा वेगळाच तक्ता लागेल. तो करायला कोणी पुढे आलं तर आमची ना नाही.

टीव्हीला लावायच्या स्टिकचा रिमोट चालेल?

व्हॉइस बटण असलेले बरेचसे रिमोट ब्लूटूथवर बोलतात. त्यांना इन्फ्रारेड रिमोट शिकवू शकत नाही. त्यातलं टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज मात्र बऱ्याचदा इन्फ्रारेडच असतं, तेवढं शिकवता येतं.

सेलच्या खोबणीत सहा भोकं किंवा सहा ठिपके दिसतात. ते काय आहे?

दिसले तर आम्हाला आधी कळवा! युनिव्हर्सल इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेल्या काही रिमोटमध्ये ही सहा टोकांची जोडणी असते. सर्किटवर तिच्याजवळ ‘जेपी१’ असं छापलेलं असायचं, त्यावरून हौशी लोकांनी त्या सगळ्या पद्धतीलाच ते नाव दिलं. तिथे केबल लावून रिमोटच्या आतली ईईप्रॉम ही माहिती साठवणारी चिप कॉम्प्युटरवर वाचता येते, हवी ती बटणं हवी तिथे हलवता येतात, मुळात नसलेल्या उपकरणाचा कोडही घालता येतो. काही घालण्याआधी आत आहे ते जसंच्या तसं एका फाइलमध्ये उतरवून घ्या. हे ज्याने केलं नाही तो नंतर माझ्याकडे येतो, आणि मी काही करू शकत नाही.

तक्त्यात अशा मॉडेलना चिपच्या आकाराचा एक जादा रकाना आहे. दिसायला जुळ्या असलेल्या दोन रिमोटमध्ये चिपचा आकार वेगळा असला की एकाची फाइल दुसऱ्यात घालता येत नाही.

नोंद पाठवण्याआधी रिमोटच मेलेला नाही ना, हे कसं ओळखायचं?

मोबाइलचा कॅमेरा चालू करून रिमोटचं नाक त्याच्याकडे करा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश पडद्यावर जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो गाळला जातो, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा.

एकच बटण मेलं असेल तर रबराखालची काळी कार्बनची टिकली झिजलेली किंवा चिकट झालेली असते. स्पिरिटने पुसून बघा. सगळीच मेली असतील आणि रिमोट पडला होता असं आठवत असेल, तर रेझोनेटरला तडा गेलेला असू शकतो. उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी असे रिमोट आमच्याकडे हमखास येतात. गच्चीवर गाणी लावलेली, मांजा सुटलेला, ‘कापला’ची आरोळी, आणि पायाखाली रिमोट. अशा रिमोटवरून काहीही नोंदवू नका.

आजोबांसाठी एकच सोपा रिमोट करायचा आहे. तक्ता कसा वापरू?

शेऱ्यांच्या रकान्यात ‘मोठी बटणं’ शोधा, आणि ‘आवाज अडकवता येतो’ हेही. याचा अर्थ रिमोट डब्याकडे असला तरी आवाजाचं बटण टीव्हीलाच जातं. ही एक सोय नसेल तर बाकी सगळं वाया, कारण आजोबा डब्याचा आवाज शून्य करून ठेवतात आणि मग टीव्ही बिघडला म्हणतात. माझ्या वडिलांसाठी मी चार बटणं सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली होती. आठवडाभराने त्यांनी ती सोलून काढली आणि चॅनेल कसे शोधायचे ते मलाच दाखवलं. तेव्हा आधी विचारा.

‘मॅक्रो’, म्हणजे एका बटणाने चार कामं, हे म्हाताऱ्या माणसांना शक्यतो देऊ नका. टीव्ही आधीच चालू असेल तर ते बटण तो बंद करतं, डबा चालू करतं, आणि पुढे सगळं उलटं.

तक्त्यात बदल कोण करू शकतं?

नोंद कोणीही पाठवावी. तक्त्यात हात घालणारे तिघंच आहेत. आधी सगळ्यांना मोकळीक होती. मग कोणीतरी एकच रकाना अकारविल्हे लावला, बाकीचे रकाने जागच्या जागी राहिले, आणि प्रत्येक रिमोटला शेजाऱ्याचा कोड मिळाला. जुनी प्रत नसती तर वहीवरून सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं. आता दर महिन्याच्या एक तारखेला वेगळी प्रत ठेवतो आणि बदलापुढे तारीख घालतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डनसाहेब या ग्रंथपालांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवून घेतली, त्या गावात एवढी शिस्त जड वाटू नये.

बंद झालेली मॉडेलं काढून का टाकत नाही?

कारण ती लोकांच्या घरात बंद झालेली नसतात. लॉजिटेकने हार्मनी रिमोट बनवणं २०२१ मध्ये थांबवलं, तरी ते अजून चालतात. शिवाय त्या रिमोटची सेटिंग कंपनीच्या सर्व्हरवरून येते, म्हणून ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना आम्ही मुद्दाम सांगतो, कोणत्या उपकरणाला काय लावलंय ते हाताने लिहून आम्हाला द्या.

घरात जुने रिमोट पडले आहेत. द्यायचे आहेत, कुणाला देऊ?

आम्हाला. चालत नसलेलेही चालतील, रबरी पट्टी आणि झाकण तरी कामाला येतं. कोणत्या टीव्हीचा होता ते कागदावर लिहून रबरबँडने बांधा. आणि सेल काढून आणा. गेल्या पावसाळ्यात पिशवीभर रिमोट आले, सगळ्यांचे सेल फुटून स्प्रिंगा हिरव्या झालेल्या. दोन रविवार ते घासण्यात गेले.